दहाच्या पायऱ्या आणि पाण्याचा अंदाज

हैदराबाद शहरात मुसी नदी चादरघाटाशी ओलांडून आग्नेयेकडे निघाले, की मलकपेट मागे पडते आणि दिलसुखनगर लागते. पुण्याहून निघून सोलापूरमार्गे हैदराबादेस येणारा आणि तेथून विजयवाड्यावरून मच्छलीपट्टणम् येथे समुद्राला भेटणारा राष्ट्रीय महामार्ग ह्याच वस्तीतून जातो. उन्हाळ्याच्या दिवसांत तेथील एखाद्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा राहिला, म्हणजे बायकामाणसांची व मुलांची जी धांदल उडते, ती पाहिलेल्यास पाणी म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. एका बादलीत पंधरा लीटर पाणी मावते. मोठ्या टँकरात दहा हजार लीटर. इथपर्यंतचा हिशेब घरातल्या लहान मुलालाही कळतो.

परंतु त्याच मुलाने विचारले, की साऱ्या हैदराबाद शहराला एका दिवसात किती पाणी लागत असेल, तर वडीलधारी माणसेही बहुधा 'पुष्कळ' एवढेच उत्तर देतात. कोणी 'लाखो लीटर' म्हणतो, कोणी 'कोट्यवधी'. दोन्ही शब्द ऐकणाऱ्याच्या मनावर सारखाच ठसा उमटवितात. वस्तुतः लाख आणि कोटी ह्यांच्यात शंभर पटींचे अंतर आहे. घरभाडे शंभर पटींनी चुकले तर त्याच घटकेला भांडण उभे राहील. पण शहराच्या पाण्याचा आकडा शंभर पटींनी चुकला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मोठ्या संख्यांपुढे माणसाची कल्पनाशक्ती थकते, हेच ह्याचे कारण होय. ह्या थकलेल्या कल्पनेला आधार देणारी एक काठी गणिताने फार पूर्वी तयार करून ठेवली आहे. तिचे नाव दहाचे घात.

ही काठी परकी नाही. 'एकं, दहं, शतं, सहस्र' हा पाठ मराठी मुलांनी पिढ्यान् पिढ्या घोकला आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती' ग्रंथाच्या आरंभी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली असून प्रत्येक नाव आधीच्याच्या दसपट आहे. ह्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव ह्यांनी खानदेशात चाळीसगावाजवळील पाटण येथे मठ स्थापन केला होता. १२०७ मधील शिलालेखात त्याची नोंद आहे. मराठीत रूढ झालेल्या पाठाप्रमाणे सहस्रानंतर दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म असा क्रम लागतो. शंभरावर दोन शून्ये, म्हणून तो दहाचा दुसरा घात. लक्षावर पाच शून्ये, म्हणून पाचवा घात. कोटी हा सातवा, अब्ज नववा, खर्व दहावा, निखर्व अकरावा आणि महापद्म बारावा. म्हणजे ही सारी नावे एका जिन्याच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या दसपट उंच आहे.

मग नावे असताना घातांकाचा आग्रह कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हैदराबादच्या मराठी घरांतूनच मिळते. घरात आजोबा 'खर्व' म्हणतात, ती संख्या दहाव्या घाताची. बाहेर उर्दू-हिंदीत 'खरब' म्हणतात, ती मात्र अकराव्या घाताची; कारण तेथे अरब, दस अरब आणि मग खरब अशी मोजणी आहे. शब्दाचे मूळ एक, उच्चार जवळजवळ एक, आणि फरक दहा पटींचा! इंग्रजी 'बिलियन' ह्या शब्दाचीही हीच कथा. ब्रिटनमध्ये पूर्वी त्याचा अर्थ दहाचा बारावा घात असा होता, तर अमेरिकेत नववा घात. १९७४ मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या आकडेवारीसाठी अमेरिकन अर्थ स्वीकारला, तोपर्यंत एकाच शब्दाखाली हजार पटींचा घोटाळा लपू शकत होता. नावे फसवू शकतात. शून्यांची संख्या फसवीत नाही.

अंदाज बांधण्याचे नियम तीनच आहेत आणि त्यांना पाटी-पेन्सिलही लागत नाही. पहिला नियम असा, की गुणाकार करताना घातांकांची बेरीज करावयाची आणि भागाकार करताना वजाबाकी. हजार माणसांना प्रत्येकी शंभर लीटर पाणी म्हणजे तीन आणि दोन मिळून पाच, अर्थात एक लक्ष लीटर. दुसरा नियम असा, की संख्या जवळच्या पायरीवर आणून ठेवावयाची. दोनशे ही संख्या शंभराच्या पायरीवर बसते, सातशे ही हजाराच्या. सीमारेषा मध्ये पाचशेवर नसून तीनशेच्या थोडी पुढे असते, कारण येथे अंतर पटींनी मोजावयाचे आहे: तीनशे सोळा ही संख्या शंभराच्या जितकी पट, जवळजवळ तितकीच पट हजार ही तिची आहे.

तिसरा नियम सर्वांत उपयोगाचा. एखादी गोष्ट मुळीच ठाऊक नसेल, तेव्हा खात्रीने कमी असलेली एक पायरी आणि खात्रीने जास्त असलेली एक पायरी घ्यावी, आणि दोन्हींच्या घातांकांचा मध्य काढावा. शहरात एका माणसाला दिवसाला पाणी किती लागते? पिणे, स्वयंपाक, आंघोळ, धुणीभांडी, संडास हे सारे धरले, तर दहा लीटरांत भागणार नाही हे निश्चित. आणि हजार लीटर कोणी वापरणार नाही हेही तितकेच निश्चित. दहा म्हणजे पहिला घात, हजार म्हणजे तिसरा. मध्य दुसरा, म्हणजे शंभर लीटर. मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरांसाठी भारतातील नगररचनेत दरडोई १३५ लीटरांचे प्रमाण धरले जाते. घरबसल्या केलेला अंदाज आणि तज्ज्ञांचे प्रमाण एकाच पायरीवर येऊन बसले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. हैदराबादची वस्ती एक कोटीच्या पायरीवर आहे, म्हणजे सातवा घात. दरडोई शंभर लीटर म्हणजे दुसरा घात. सात आणि दोन नऊ. साऱ्या शहराला रोज एक अब्ज लीटर पाणी लागते. 'लाखो लीटर' म्हणणारा गृहस्थ निदान हजार पटींनी चुकला होता आणि 'कोट्यवधी' म्हणणाराही सत्याच्या पुष्कळ खाली राहिला होता.

एक अब्ज लीटर म्हणजे काय, हे डोळ्यांपुढे आणावयाचे तर पुन्हा टँकराकडे वळावे. टँकरात दहा हजार लीटर, म्हणजे चौथा घात. नवांतून चार वजा जाता पाच उरतात. अर्थात एका दिवसाच्या पाण्यासाठी एक लक्ष टँकर लागतील. मागच्यापुढच्या मोकळ्या जागेसह एका टँकराला रस्त्याची दहा मीटर लांबी दिली, तर ही रांग दहा लक्ष मीटर, म्हणजे एक हजार किलोमीटर होईल. दिलसुखनगरमधून जाणारा तो महामार्ग पुण्यापासून मच्छलीपट्टणम्‌पर्यंत सुमारे ८४० किलोमीटर आहे. म्हणजे तो सबंध रस्ता टँकरांनी ठासून भरला तरी शहराची एका दिवसाची तहान भागावयाची नाही. टँकर हा गल्लीचा आधार असू शकतो, शहराचा नाही, हे ह्या एका गुणाकाराने कळते.

मग शहराचा आधार कोणता? दिलसुखनगरच्या शेजारीच सरूरनगरचा तलाव आहे. सतराव्या शतकात कुतुबशाही काळात तो बांधला गेला. त्याचा विस्तार आज सुमारे शंभर एकर, म्हणजे चार लक्ष चौरस मीटर आहे. सरासरी खोली अडीच मीटर मानली, तर त्यात दहा लक्ष घनमीटर पाणी मावेल. एका घनमीटरात हजार लीटर. सहा आणि तीन नऊ. हे उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे: दिसावयास विस्तीर्ण असा हा तलाव काठोकाठ भरला, तरी त्यात एक अब्ज लीटर, म्हणजे शहराच्या जेमतेम एका दिवसाच्या गरजेइतकेच पाणी आहे.

ह्याच्या वरच्या पायऱ्या शहराच्या पश्चिमेला आहेत. मुसी नदीवरील उस्मानसागर, ज्याला लोक गंडीपेट म्हणतात, आणि ईसी नदीवरील हिमायतसागर, हे ते दोन जलाशय. वर्तमानपत्रांतून धरणाचे पाणी 'टी.एम.सी.' मध्ये दिलेले असते. एक टी.एम.सी. म्हणजे एक अब्ज घनफूट; आणि एका घनफुटात सुमारे अठ्ठावीस लीटर पाणी असल्यामुळे ते मराठी मोजणीने सुमारे तीन खर्व लीटर होते. उस्मानसागराची क्षमता ३.९ टी.एम.सी., म्हणजे थोडी अधिक एक निखर्व लीटर. हिमायतसागराची सुमारे तीन टी.एम.सी. दोन्ही मिळून दोन निखर्व लीटर झाले. एका अब्जाने भागले, तर सुमारे दोनशे दिवसांचे पाणी. तुलनेसाठी महाराष्ट्रातील कोयना धरण घेतले, तर त्याची क्षमता १०५ टी.एम.सी., म्हणजे तीन महापद्म लीटर आहे. बादली, टँकर, तलाव, जलाशय, कोयना: पहिल्या घातापासून बाराव्या घातापर्यंतचा हा जिना आहे, आणि प्रत्येक वस्तू आपापल्या पायरीवर उभी आहे.

हे दोन जलाशय पिण्याच्या पाण्यासाठी उपयोगी पडले खरे. पण त्यांचा जन्म तहानेतून झालेला नाही. तो एका पुरातून झाला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद शहरात जो हाहाकार केला, त्यात सुमारे पंधरा हजार माणसे प्राणास मुकली असे सांगितले जाते. त्या वेळच्या पावसाचे आकडे पाहिले, तर प्रथमदर्शनी ते फारसे भीतिदायक वाटत नाहीत. शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस झाला होता. अठरा-एकोणीस इंच म्हणजे जेमतेम गुडघाभर पाणी. गुडघाभर पाण्याने पंधरा हजार माणसे बुडावीत कशी?

येथेच पायऱ्यांचे गणित डोळे उघडते. पाऊस इंचांनी मोजतात, पण तो पडतो चौरस मैलांवर. हैदराबादच्या वरच्या अंगाला मुसीचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८६० चौरस मैल, म्हणजे २,२०० चौरस किलोमीटर आहे. एका चौरस किलोमीटरात दहा लक्ष चौरस मीटर. म्हणून हे क्षेत्र दोन अब्ज वीस कोटी चौरस मीटर झाले. पाऊस सर्वत्र सारखा नसतो, म्हणून सरासरी एक फूट, म्हणजे तीन-दशांश मीटर धरू. गुणाकार सहासष्ट कोटी घनमीटर, म्हणजेच साडेसहा निखर्व लीटर. गुडघ्याखालचा तो पाऊस नदीच्या एका पात्राकडे धावू लागला, तेव्हा तो सरूरनगरसारख्या साडेसहाशे तलावांइतका झाला होता.

अंदाज खरा की खोटा, हे पडताळून पाहण्यासाठी दुसऱ्या वाटेने तेथेच पोचावयाचे असते. पुराच्या ऐन भरात मुसीतून सेकंदाला सुमारे ४,२५,००० घनफूट पाणी वाहिले असा हिशेब नंतर करण्यात आला. म्हणजे सेकंदाला एक कोटी वीस लक्ष लीटर. साडेसहा निखर्वांना ह्या संख्येने भागले, की सुमारे पंचावन्न हजार सेकंद, म्हणजे पंधरा तास येतात. सारे पाणी नदीत येत नाही, काही जमिनीत मुरते. उलट पूर सर्व वेळ ऐन भरातही नसतो. ह्या दोन उणिवा परस्परांस बऱ्याच अंशी सावरून घेतात. तेव्हा उत्तर साधारण एका दिवसाच्या मोजमापाचे येते. मिनिटांचे नाही की महिन्याचे नाही. दोन वेगळ्या वाटा एकाच पायरीवर येऊन मिळाल्या, म्हणजे अंदाजावर भरवसा ठेवावयास हरकत नाही.

त्या अनर्थात आणखी एका गोष्टीचा वाटा होता. ह्या पाणलोटात ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलास एक. त्यांपैकी २२१ तलाव फुटले. एकएकटा तलाव लहान, म्हणून त्याचे भय कोणास वाटले नसेल. पण प्रत्येक तलाव सरूरनगरच्या निम्मा मानला, तरी २२१ तलावांचे पाणी एक निखर्व लीटर होते. अर्थात आज ज्याला गंडीपेट म्हणतात, तेवढा एक सबंध जलाशय तुकड्यातुकड्यांनी फुटून त्याच पुरात मिसळला, असे समजावयाचे. लहान वस्तू शेकड्यांनी मोजल्या, की त्या दोन पायऱ्या वर चढतात, हे विसरून चालत नाही.

ह्या पुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या ह्यांना पाचारण केले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात अनेक वर्षे काम केलेले हे स्थापत्यशास्त्रज्ञ १९०९ मध्ये हैदराबादेस आले. त्यांच्या योजनेचे मर्म असे, की शहरात भिंती उंच करून भागणार नाही. पाणी शहराच्या वरच अडवून हळूहळू सोडले पाहिजे. त्यातून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. साडेसहा निखर्वांपुढे दोन निखर्वांची साठवण अपुरी वाटेल. परंतु सारा पूर गिळावयाचा नसून त्याचा माथा तेवढा कापावयाचा असतो. त्यासाठी साठवण पुराच्याच पायरीच्या आसपास असावी लागते. ती अब्जाच्या पायरीवर असती, तर तिचा उपयोग शून्य झाला असता.

हा हिशेब केवळ जुन्या इतिहासापुरता नाही. १३ व १४ ऑक्टोबर २०२० ह्या दिवशी हैदराबादेत चोवीस तासांत सुमारे एकोणीस सेंटिमीटर पाऊस पडला आणि सरूरनगर तलावाच्या आसपासच्या वसाहतींत पाणी शिरले. दिलसुखनगर भागात घराची जागा चौरस गजांत मोजतात. दोनशे गजांची जागा म्हणजे सुमारे १६७ चौरस मीटर. तिच्यावर एकोणीस सेंटिमीटर पाऊस म्हणजे बत्तीस हजार लीटर पाणी. उन्हाळ्यात ज्या घराने एका टँकरासाठी वाट पाहिली, त्याच घरावर एका दिवसात तीन टँकर आकाशातून ओतले गेले. शहराच्या महानगरपालिकेचे क्षेत्र त्या वेळी सुमारे ६५० चौरस किलोमीटर होते. सर्वत्र तसाच पाऊस मानला, तर एक निखर्वाहून अधिक लीटर पाणी शहरावरच पडले. गंडीपेटचा भरलेला जलाशय जणू घरादारांवर उपडा केला गेला.

अशा प्रसंगानंतर नाना उपाय सुचविले जातात. कोणी म्हणतो, तलाव एक मीटर खोल करा म्हणजे पूर येणार नाही. दहाच्या पायऱ्या जाणणारा नागरिक रागावत नाही आणि हुरळतही नाही. तो गुणाकार करतो. चार लक्ष चौरस मीटर गुणिले एक मीटर, म्हणजे चार लक्ष घनमीटर जास्तीची जागा. वीस सेंटिमीटर पाऊस पडल्यास एवढी जागा दोन चौरस किलोमीटरांवरील पाण्याने भरून जाईल. तेव्हा उपाय अगदीच निरुपयोगी नाही, कारण दोन चौरस किलोमीटरांत हजारो घरे असतात. पण साऱ्या परिसराचे रक्षण त्याने होईल हे म्हणणेही खरे नाही. त्याला जोड म्हणून पाण्याची वाट, म्हणजे नाले, मोकळे राहिले पाहिजेत. वादविवाद मिटविण्याचे सामर्थ्य ह्या लहानशा गुणाकारात आहे.

मोठमोठे शास्त्रज्ञही हेच करीत आले आहेत. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेत पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, तेव्हा एन्रिको फर्मी ह्यांनी हातातून कागदाचे कपटे सोडले आणि स्फोटाच्या धक्क्याने ते किती दूर उडाले, एवढ्यावरून स्फोटाची शक्ती दहा हजार टन स्फोटकांइतकी असल्याचे अनुमान केले. यंत्रांनी दिलेला आकडा पुढे वीस हजार टनांहून थोडा अधिक ठरला. दुपटीची चूक खरी, पण पायरी अचूक.

अर्थात ह्या पद्धतीच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. पायरीच्या अंदाजाने धरणाची भिंत बांधता येत नाही. तेथे इंचाइंचाचे मोजमाप लागते. कोणता प्रश्न विचारावयास योग्य आहे आणि कोणता दावा ऐकता क्षणीच नाकारण्याजोगा आहे, एवढेच हा अंदाज सांगतो. आणि जेथे मोजावयाची वस्तू पाणी नसून माणसे असतात, तेथे तर अधिकच जपावयास हवे. १९०८ च्या पुरात मेलेल्यांची संख्या काही ठिकाणी दहा हजार दिलेली असते, काही ठिकाणी पंधरा हजार. गणिताच्या दृष्टीने दोन्ही एकाच पायरीवरच्या संख्या होत. परंतु त्यांच्यामधील पाच हजार म्हणजे पाच हजार माणसे आहेत. त्याच दिवशी अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जीव वाचले, असे सांगितले जाते. ते झाड हैदराबादकर आजही दाखवितात. निखर्वांच्या त्या लोंढ्यापुढे दीडशे ही संख्या कोठेच लागत नाही. तरी शहराने ती जपून ठेवली आहे.

पाण्याची शून्ये मोजावयाची ती ह्या माणसांसाठीच. पुढच्या खेपेस वर्तमानपत्रात टी.एम.सी.चा, सेंटिमीटरांचा किंवा कोटींचा आकडा दिसला, म्हणजे वाचकाने क्षणभर थांबून त्यावरील शून्ये मोजावीत, ती आपल्या घराच्या बादलीपर्यंत उतरवून पाहावीत, आणि मगच त्या आकड्याला भ्यावे की न भ्यावे हे ठरवावे.